सर्व्हरच्या टेस्ट बिल्डमधूनच चालायला हव्यात, क्यूएच्या गळ्यात मारू नका

कोथरूडकर
परवा इथल्याच एका पोस्टमध्ये वाचलं : मावेनमध्ये (जावाचा कोड बांधायचं साधन) युनिट टेस्ट (कोडच्या एकेका तुकड्याच्या चाचण्या) पुरे, टॉमकॅट सर्व्हर उभा करून करायच्या चाचण्या बिल्डमध्ये (कोडपासून चालतं पॅकेज बनवण्यात) कोंबू नका, ते क्यूएचं (टेस्टरच्या टीमचं) काम. खाली +१ ची रांग. राहवलं नाही म्हणून हा धागा.

अहो, प्री-इंटिग्रेशन-टेस्ट आणि पोस्ट-इंटिग्रेशन-टेस्ट हे मावेनचे टप्पे काय शोभेला ठेवलेत? आधीच्यात सर्व्हर चालू, मधे फेलसेफ हे प्लगइन टेस्ट चालवणार, नंतरच्यात सर्व्हर बंद, आणि पडलेल्या टेस्टचा हिशेब त्यानंतरच्या व्हेरिफाय टप्प्यात. लोक हेच युनिट टेस्टवाल्या शुअरफायर प्लगइनकडून करून घेतात. टेस्ट पडली की ते तिथेच बिल्ड पाडतं, आवराआवरीची पाळीच येत नाही. आमच्याकडे टॉमकॅट स्क्रिप्टने उठायचा, तो तसाच जिवंत. पुढच्या बिल्डला ८०८० पोर्ट अडलेला. मग बोंब, ऑटोमेशन चालत नाही!

थंडडोकं
ती पोस्ट माझीच. पुस्तकी उत्तराबद्दल आभार. आमचा बिल्ड पाऊण तास चालायचा. परिणाम? जो तो टेस्ट वगळायचा स्किपटेस्ट्स पर्याय लावून मोकळा.

कोथरूडकर
स्किपटेस्ट्सने युनिट टेस्टही गप्प बसतात. फक्त सर्व्हरच्या टाळायच्या तर स्किपआयटीज आहे. ते पुस्तकातच मिळालं असतं.

अँटकालीन
तुम्ही पोरं मावेनवरून भांडता. आम्ही अँटमध्ये (मावेनआधीचं बिल्ड साधन) कॅक्टस या टेस्टच्या फ्रेमवर्कमधल्या रनसर्व्हरटेस्ट्सने हेच करत होतो : सर्व्हर उठवा, यूआरएल उत्तर देईपर्यंत थांबा, टेस्ट चालवा, बंद करा. टेस्ट कंटेनरच्या, म्हणजे सर्व्हरच्याच आत, खऱ्या रिक्वेस्टवर चालायची. मॉकचे (नकली ऑब्जेक्टचे) लाड नव्हते.

एक्सएमएलग्रस्त
काका, कॅक्टस २०११ मध्ये अडगळीत गेलं. आणि मूळ रोग अँट-मावेनच्या फाइलींमधलं एक्सएमएलच. ग्रेडल या बिनएक्सएमएलच्या बिल्ड साधनावर या.

अँटकालीन
ग्रेडलची बिल्ड फाइल लिहिणारा नोकरी सोडून गेला की ती कोण वाचतं ते सांग आधी.

पोस्टग्रेसप्रेमी
सर्व्हर राहू द्या हो, टेस्टला डेटाबेस कुठला लावता? एचटू (मेमरीत चालणारा हलका डेटाबेस) ना? मग सगळं मुसळ केरात. आमच्या कोडमध्ये 'डुप्लिकेट की'चं एक्सेप्शन (तीच नोंद पुन्हा आल्याची चूक) पकडून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकगठ्ठा व्यवहारात) पुढची क्वेरी होती. एचटूवर हिरवंगार. लाइव्हच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक चूक झाली की रोलबॅकपर्यंत (माघार घेईपर्यंत) तो ट्रान्झॅक्शन पुढचं काहीच ऐकत नाही. लाइव्ह गेल्यावर कळलं, शुक्रवारी संध्याकाळी.

थंडडोकं
एचटूला पोस्टग्रेससारखं वागायचा मोड असतो.

पोस्टग्रेसप्रेमी
मोड लावून एचटू पोस्टग्रेस होत नाही. टेस्टकंटेनर्स वापरा, डॉकरच्या डब्यात खरा डेटाबेस उठतो, टेस्ट संपली की जातो.

बँकेतला हमाल
आमच्या क्लायंटकडे लॅपटॉपवर डॉकरला बंदी. परवानगीचा अर्ज तीन सह्यांवर अडलाय. 'वापरा' म्हणायला काय जातं तुमचं?

पोस्टग्रेसप्रेमी
मग टीमसाठी एक सामायिक पोस्टग्रेस मागा, प्रत्येकाला वेगळा स्कीमा (त्यातला स्वतंत्र कप्पा). त्यालाही सह्या लागतात का?

बँकेतला हमाल
हो. चार.

क्यूएवाली
दोघेही थांबा जरा. 'क्यूएचं काम' म्हणणाऱ्या थंडडोकं महाशयांना विचारते : लॉगिनचं पानच पाचशे नंबरची (सर्व्हरची) एरर देतंय असा वॉर (ॲप्लिकेशनची तयार फाइल) रात्री आठला माझ्याकडे ढकलायचा आणि सकाळी 'बग का नाही सापडला' विचारायचं, हे कुठलं काम? सर्व्हर उठतो की नाही एवढं तरी बघून पाठवा. मी टेस्टर आहे, तुमची पाळणाघरवाली नाही.

थंडडोकं
वैयक्तिक घेऊ नका.

क्यूएवाली
रात्री आठला घरी फोन येतो तेव्हा ते वैयक्तिकच असतं.

थंडडोकं
बरं बाई. लॉगिन आणि दोन-चार मुख्य पानांच्या टेस्ट बिल्डमध्ये, बाकीचा लवाजमा रात्री आपोआप चालणाऱ्या जॉबला. कोथरूडकरांचा विजय झाला, पेढे वाटा.

कोथरूडकर
पेढे नकोत. त्या जॉबमध्ये नुसतं इंटिग्रेशन-टेस्ट लिहू नका, व्हेरिफाय लिहा. नाहीतर सर्व्हर बंद करायच्या टप्प्याआधीच बिल्ड संपेल. आणि पडल्याची मेल क्यूएला नाही, ज्याचं कमिट (कोडमधला बदल) त्याला.