मंगी गेल्यावर टोळी फुटली का? गल्लीतल्या कुत्र्यांच्या संगतीचं जाळं कसं मांडावं, सल्ला हवा

करवंद (नेरूळ)
नमस्कार मंडळी. आमच्या सेक्टरमधल्या 19 कुत्र्यांना मी सहा वर्षं रात्रीचं खाऊ घालतेय. मागच्या जूनपासून वही ठेवलीय: कोण कोणाबरोबर आलं, खाऊन झाल्यावर कोण कोणाशेजारी जाऊन पडलं. मार्चमध्ये आमची मंगी, बारा वर्षांची म्हातारी, पामबीच रोडवर गाडीखाली गेली. त्यानंतर टोळीचे दोन तट पडले. अर्धे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेच्या तलावाकडे सरकले, अर्धे आमच्या गेटपाशी राहिले, आणि मधल्या चौकात रोज रात्री जुंपते. मला सारखं वाटतं, मंगीनेच सगळ्यांना धरून ठेवलं होतं. पण नुसतं वाटून काय उपयोग?

भाची म्हणाली, याला सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. प्रत्येक प्राणी म्हणजे ठिपका, संगत म्हणजे रेघ. मी बँकेतून निवृत्त झालेय. एक्सेल उत्तम येतं, प्रोग्रामिंग अजिबात नाही. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ? आणि 15 महिन्यांच्या या वहीतून काही निघेल का?

मीठबंदर (ठाणे पूर्व)
करवंदताई, मंगीचं वाचून वाईट वाटलं.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी वही बघू. या अभ्यासात बहुतेक वेळा 'एका घोळक्यात दिसले म्हणजे सोबती' असं गृहीत धरतात. समुद्रातल्या डॉल्फिनना ते चालतं. पातेल्यासमोर चालत नाही, कारण एरवी एकमेकांचं तोंड न बघणारेही तिथे खेटून उभे असतात. म्हणून 'बरोबर आले' हा रकाना बाजूला ठेवा. 'शेजारी पडले' हा मात्र मोलाचा आहे, तो स्वतंत्र उतरवा.

आता आकडा. समजा राजा आणि चिंगी 12 फेऱ्यांत एकत्र दिसले, 3 फेऱ्यांत दोघं दिसले पण वेगवेगळ्या जागी, 6 वेळा फक्त राजा, 4 वेळा फक्त चिंगी. एकूण 25. संगतीचा निर्देशांक 12 भागिले 25, म्हणजे 0.48. एवढंच आहे, एक्सेलमध्ये होतं. एक दुसरं सूत्र आहे, त्यात 'फक्त एकच दिसला' या फेऱ्यांचं वजन अर्धं धरतात. मग 12 भागिले 20, म्हणजे 0.6. जोडीतला एखादा नजरेतून सुटण्याची शक्यता जास्त असेल तेव्हा ते वापरतात. कोणतंही घ्या, पण मध्येच बदलू नका.

येऊरवाट (ठाणे पश्चिम)
एम.एस्सी.ला असताना मी येऊरच्या माकडांवर काम केलं होतं, त्यातली माझी चूक सांगते. माझ्या जाळ्यात एक नर अगदी मधोमध आला. मी हरखले. नंतर कळलं, तो कायम रस्त्याच्या कडेला उघड्यावर बसायचा, म्हणून माझ्या नोंदीत सगळ्यात जास्त तोच. मंगी गेटवर बसायची का? असेल तर हे आधी तपासा.

यावर उपाय म्हणजे ठरलेली फेरी. जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर जो निबंध लिहिला, तो आजही या कामाचा पाया आहे. वेळ ठरवायची, वाट ठरवायची, आणि वाटेत जो दिसेल त्याची एकदाच नोंद. खाऊ न नेता पहाटे एक, दुपारी एक फेरी करा. 'एकत्र' म्हणजे किती अंतर, समजा पाच मीटर, हे आधीच ठरवा.

आणि ओळख पक्की हवी. कानाचा कापलेला कोपरा सगळ्याच नसबंदी झालेल्यांना असतो, त्यावरून कुत्रा ओळखू नका. दोन्ही कुशींचे फोटो काढा.

करवंद
मंगी गेटवरच असायची हो. हा विचारच केला नव्हता. आणि 0.48 आला तर तो मोठा की छोटा, हे कशावरून ठरवायचं?

मीठबंदर
योगायोगाशी तुलना करून. प्रत्येक कुत्रा किती वेळा दिसला आणि प्रत्येक घोळका केवढा होता हे तसंच ठेवायचं, फक्त कोण कुठल्या घोळक्यात होतं याची अदलाबदल करायची. असं हजार वेळा. तुमचं खरं जाळं त्या हजारांत सहज मिसळून गेलं, तर संगत नुसती योगायोगाची. हे मात्र हाताने होणार नाही. 'आर' ही प्रणाली फुकट आहे, तिच्यात 'एस्नाइप' नावाचं पॅकेज याच कामासाठी आहे. भाचीला बसवा, तुम्ही रकाने भरा. चित्र काढायला 'गेफी', तेही फुकट. पण चित्रावरून निष्कर्ष काढू नका, तेच ठिपके जरा वेगळे मांडले की वेगळीच गोष्ट दिसते.

चिखलपाय (ऐरोली)
ताई, तुमच्या मंगीसारखीच एक नोंद आहे. न्यूझीलंडच्या डाउटफुल साउंड खाडीत डेव्हिड लुसो यांनी 62 डॉल्फिनचं जाळं मांडलं, 159 रेघा. त्यातला दोन गटांना जोडणारा एक प्राणी काही काळ दिसेनासा झाला. तेवढ्या काळात दोन्ही गटांचं एकमेकांत मिसळणं कमी झालं, तो परतल्यावर पुन्हा वाढलं. तेव्हा मंगीसाठी 'कोणाच्या रेघा जास्त' एवढंच बघू नका, दोन गटांमधल्या वाटा तिच्यावरून किती जातात तेही बघा. त्या मापाला बिट्वीननेस म्हणतात.

दुसरं उदाहरण 2006 चं. जेसिका फ्लॅक आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या कळपातून भांडणं सोडवणारे मोजके वरिष्ठ नर थोड्या वेळासाठी बाजूला काढले. बाकीच्यांचे खेळण्याचे आणि एकमेकांचे केस विंचरण्याचे सोबती कमी झाले. कागदावरचा ठिपका पुसणं आणि प्राणी खरंच नसणं यात फरक पडतो, कारण उरलेले आपलं वागणं बदलतात.

माझा जीव आपल्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंत. त्यांचं असं करता येईल का हो?

येऊरवाट
इंग्लंडमध्ये स्लिमब्रिजला चार थव्यांवर पाच वर्षं झालंय, आणि त्यांच्या जोड्या वर्षानुवर्षं टिकतात असं दिसलं. पण ते पाळलेले पक्षी, प्रत्येकाच्या पायात कडं. आपल्या खाडीतल्या हजारोंच्या गर्दीत एकेकाला ओळखणार कसं?

करवंदताई, एक सुचतंय. तुमच्याकडे दोन पावसाळे आहेत, एक मंगीसकटचा, एक तिच्यानंतरचा. पावसात सगळे पार्किंगच्या छपराखाली येणारच, पण ते दोन्ही वर्षी सारखंच. म्हणून जून ते ऑगस्टशी जून ते ऑगस्टच ताडून बघा, हिवाळा मध्ये आणू नका. दरम्यान नवीन पिल्लं, नवीन गाडा, रस्त्याचं खोदकाम असं काही झालं असेल तर तेही लिहा. एकच मंगी गेली, त्यामुळे 'तिच्यामुळेच' असं छातीठोक म्हणता येणार नाही. ती गेल्यावर काय बदललं, हे मात्र नक्की सांगता येईल.

करवंद
वही काढून बसलेय. खोदकाम एप्रिलमध्ये झालं होतं, तलावाच्याच बाजूला. म्हणजे तट कधी पडले ते तारखेनिशी बघायला हवं, मार्चच्या शेवटी की खोदकामानंतर. उद्या पहाटे साडेपाचला पहिली फेरी, बिस्किटं घरी ठेवून. 18 जणांपैकी 16 जणांचे दोन्ही कुशींचे फोटो मिळालेत. राजा आणि चिंगी काही केल्या डावी बाजू देत नाहीत.