हॉट चॉकलेट आणि तो कप हातात देणारी माणसं: तुमचे अनुभव लिहा

चार दिवसांचा ताप काल उतरला आणि पहिल्यांदा काहीतरी घ्यावंसं वाटलं. मन थेट हॉट चॉकलेटवर गेलं. लहानपणी आजारातून उठलं की आई द्यायची. दाट, चमच्याला धरून राहणारं, घोटाघोटानं खाली उतरणारं. तोंडाची गेलेली चव त्या कपाबरोबर परत यायची.

मी करते ते असं. दोघांसाठी ४०० मिली सायीचं दूध, ७० ग्रॅम डार्क चॉकलेट, एक मोठा चमचा कोको पावडर, लागेल तशी साखर आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यानं कडवटपणा दबतो आणि चॉकलेट पुढे येतं. दूध कडेनं वाफाळायला लागलं की गॅस अगदी मंद करून बारीक चिरलेलं चॉकलेट घालते. छान होतं, पण आईच्या हातचं होत नाही. ती चव आणि तो दाटपणा मला अजून सापडलेला नाही.

तुम्ही कसं करता, तुम्हाला ते पहिल्यांदा कुणी करून दिलं, सगळं लिहा. दुसऱ्या कुठल्या पदार्थानं कधी धीर दिला असेल तर तेही.

*

मी नऊ वर्षांची असताना आई रात्रपाळी करून पहाटे घरी यायची. एकदा ती यायच्या आत उठून मी तिच्यासाठी केलं. उकळत्या दुधात कोको ओतला आणि ढवळत बसले. तपकिरी बेटं वर तरंगत राहिली, काही केल्या फुटेनात. आईनं कप तोंडाला लावला, तिच्या दाताखाली एक गाठ फुटली आणि आतली कोरडी पावडर तिच्या ओठावर आली. ती काही बोलली नाही. कप रिकामा केला, तळाचा गाळ बोटानं निपटला आणि मला मांडीवर घेऊन तशीच झोपली.

कोको दुधात विरघळत नाही, नुसता पसरून राहतो. गरम दूध एकदम पडलं की गोळ्याचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतपर्यंत ओल पोचतच नाही. म्हणून आधी कोको आणि साखर कोरडीच एकत्र करायची, दोन चमचे कोमट दूध घालून कपाच्या कडेला घासून लापशीसारखं करायचं, मग बाकीचं दूध थोडं थोडं. एवढं केलं तर गाठ राहत नाही.

*

परीक्षेत नापास झालो त्या रात्री खोलीतल्या मित्रानं माझ्यासाठी चॉकलेट वितळवायला घेतलं. वाफेचे दोन-चार थेंब भांड्यात पडले आणि मऊ, चकचकीत चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा झाला. मला वाटलं, आता हेही गेलं. तो म्हणाला, "टाकू नकोस, अजून घाल." चमचा चमचा गरम दूध घालत राहिला आणि घोटत राहिला. पाचव्या-सहाव्या चमच्याला ते परत सैल झालं, चमकही आली.

कारण मला फार नंतर कळलं. थोडंसं पाणी साखरेच्या आणि कोकोच्या कणांना एकमेकांना चिकटवतं, भरपूर पाणी त्यांना पुन्हा सुटं करतं. चॉकलेट असं धरलं तर घाबरू नका, फेकू नका. तो मित्र आता दुसऱ्या देशात आहे. त्याला आज हा धागा पाठवतो.

*

मूळ लेखिकेला एक सांगावंसं वाटतं. कोको आणि हॉट चॉकलेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चवीतला फरक बऱ्याचदा तिथेच असतो. चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतं, म्हणून ते पेय जिभेवर रेशमासारखं पसरतं. पावडर करताना हे बटर बरंचसं दाबून काढलेलं असतं. तसं दाबयंत्र नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटेन कुटुंबानं आणलं, त्याचं पेटंट १८२८ चं. त्यांनीच कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायची रीत काढली. त्यानं रंग गडद होतो आणि आंबटपणा जातो. डब्यावर 'डच प्रोसेस' लिहिलेलं असतं ते हेच. लहानपणीची चव शोधत असाल तर कोको कुठला होता, ते आधी पाहा.

चॉकलेट आधी हजारो वर्षं प्यायचीच वस्तू होती, खायची वडी १९व्या शतकातली. मेक्सिकोत ते फेसाळायला लाकडी मोलिनियो वापरतात, दोन तळव्यांमध्ये धरून रवीसारखा फिरवायचा. मी एक आणला आहे. फेस असा धरतो की शेवटच्या घोटापर्यंत टिकतो.

*

सगळे साय येऊ नये म्हणून धडपडतात. मला ती हवी असते.

आजोबा आणि मी संध्याकाळी समोरासमोर बसायचो. मला साय ओठाला लागलेली खपायची नाही. ते चमच्याची पाठ कपावर अलगद टेकवायचे, सुरकुतलेली तपकिरी साय अख्खी उचलायचे आणि स्वतःच्या कपात सोडायचे. मग माझा कप माझ्याकडे सरकवायचे. दुधाचा वरचा थर हवेत सुकतो, त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश एकत्र येऊन तो पापुद्रा धरतो. ढवळत राहिलं किंवा वर फेस ठेवला तर धरत नाही, हे मला ठाऊक आहे. आजोबा गेल्यावर मी पहिल्यांदा केलं तेव्हा मुद्दाम ढवळलं नाही. साय आली. ती खाल्ली. आता नेहमी खाते.

*

मला दूध चालत नाही, म्हणून पाण्यात करते. ऐकायला पचपचीत वाटेल, पण दुधाचा पडदा नसल्यामुळे चॉकलेटची खरी चव पाण्यातच कळते. चॉकलेट मात्र चांगलं हवं आणि जास्त हवं. आणि घरात कुत्रा असेल तर कप खाली ठेवू नका. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्यांना विषारी असतं.

*

माझं चॉकलेट नाही, टोमॅटोचं सूप. वडील रुग्णालयात होते तेव्हा शेजारच्या काकू रोज थर्मास भरून द्यायच्या. बाहेरच्या बाकावर बसून झाकणातून प्यायचो. अकरा दिवस. त्या वासानं आजही खांदे सैल होतात.

*

मूळ लेखिका पुन्हा. तुमचं सगळं वाचून आज आईला फोन केला, कोको कुठला वापरायचीस म्हणून विचारायला. ती म्हणाली, "अगं, त्यात चॉकलेट कुठलं? तेव्हा परवडायचं का? कोको आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर." मी इतकी वर्षं चॉकलेट वाढवत गेले आणि दाटपणा येत होता कॉर्नफ्लोअरचा! ते थंड दुधात कालवून घालायचं आणि उकळी येऊ द्यायची, त्याशिवाय पुरतं दाट होत नाही. मी तर दूध कधी उकळूच देत नव्हते.

फोन चालू ठेवूनच केलं. ती पलीकडून सांगत होती, "हात थांबवू नकोस, तळाला लागेल." दोन मिनिटांनी चमचा जड लागायला लागला. तिला म्हटलं, "झालं गं." ती म्हणाली, "आधी फुंकर मार."