मदत हवी आहे: गाडीतून भातखाचरात बाटल्या फेकणाऱ्यांना आवर कसा घालायचा?

ताम्हिणीच्या रस्त्याला लागून मुळशी तालुक्यात आमची तीन खाचरं आहेत. इंद्रायणी लावतो. वळणावर रस्ता जरा रुंद आहे, त्यामुळे पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मका खा, फोटो काढा, आमची काही तक्रार नाही. पण निघताना काच खाली होते आणि सगळं आमच्या खाचरात येतं.

वेफर्सची पाकिटं एकवेळ वेचता येतात. काचेचं काय करायचं? चिखलणी झाली की बाटलीचे तुकडे गाळात बसतात, दिसत नाहीत. यंदा लावणीत चुलतीच्या टाचेत काच गेली. पाच टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. गमबूट घाला म्हणून सांगू नका, गुडघाभर चिखलात बूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो.

एकाला अडवलं, तर म्हणाला, "काका, रस्ता तुमचा आहे का?" म्हटलं, रस्ता नाही, खालचं खाचर माझं. गाडी आतून देवघरासारखी स्वच्छ होती हो.

मग वळणावर पत्र्याचं पिंप ठेवलं. दुसऱ्या दिवशी माकडांनी आडवं केलं, होतं नव्हतं ते सगळं उतारावर. पाटी लावली, तिच्याच खाली बाटल्या उभ्या करून गेले. एका कार्यालयात अर्ज दिला, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी परत पहिल्याकडे.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे, पण तो बंदी असलेल्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या वगैरेंसाठी. काचेची बाटली त्यात बसत नाही.

माझ्याकडे दोन गाड्यांच्या नंबरांचे फोटो आहेत. विचारायचं एवढंच की तक्रार कोणत्या कलमाखाली आणि कुठे करायची? आणि असा दंड प्रत्यक्षात झालेला कुणी पाहिलाय का?

प्रतिसाद १
महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा), कलम ११५ बघा. रस्त्यात किंवा रस्त्याजवळ येणाजाणाऱ्यांना त्रास होईल असा केरकचरा टाकायला त्यात मनाई आहे. लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं. नुसत्या नंबरप्लेटचा फोटो मात्र पुरणार नाही. हात बाहेर, बाटली हवेत आणि नंबर, हे एकाच चित्रफितीत हवं. टाक्यांचा दवाखान्याचा कागद जोडाच.

प्रतिसाद २
दंडाचं माहीत नाही. आमच्याकडे गाड्या थांबायच्या त्या जागेवर गावाने ओळीने मोठे दगड लावून घेतले. गाडी थांबेना, कचरा निम्म्याने कमी. फक्त आधी परवानगी काढा, रात्री कुणी धडकलं तर तुमच्याच गळ्यात येईल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. माझ्या फोटोंत नंबर आहे, हात नाही, म्हणजे ते बाद. पोरगा शनिवारी बांधावरच्या मचाणावर मोबाइल घेऊन बसतो म्हणतोय. दगडांचं ग्रामसभेत काढतो, पण वळणावर मक्याची गाडी आमच्याच भावकीतल्या एकाची आहे. त्याला कसं समजवायचं, तेही सुचवा.