मदत हवी आहे: रात्री फाटकावर वाजणारा रेल्वेचा भोंगा बंद कसा करता येईल?

मुग्धा_क
तीन महिन्यांपूर्वी नवीन घरात आलो. घर पाहायला दुपारी गेलो होतो, तेव्हा एकही गाडी आली नाही. आता रोज रात्री अडीचच्या सुमारास मालगाडी जाते. फाटकं जवळजवळ आहेत, त्यामुळे एकाचा भोंगा संपतो न संपतो तोच पुढच्याचा सुरू. कपाटातल्या स्टीलच्या वाट्या थरथरतात. बाळ पाच महिन्यांचं आहे, दचकून उठलं की तासभर झोपत नाही. रेल्वेला दोनदा लिहिलं, 'नियमाप्रमाणे वाजवतो' एवढंच उत्तर आलं. तक्रार नेमकी कुठे करायची? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा
मध्य रेल्वे की कोकण? डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसात अर्ज द्या. पण फाटकाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं. ती पाटी आली की लोको पायलटला शिट्टी द्यावीच लागते. आमच्याकडे उड्डाणपूल होऊन फाटक बंद झालं तेव्हाच शांतता मिळाली. आमदारांना गाठा.

मुग्धा_क
सॉरी, लिहायचं राहिलं. टेक्सासमध्ये आहोत, डॅलसच्या उत्तरेला.

आनंद_न्यूजर्सी
बेडरूमच्या खिडक्या बदला, दुहेरी काच लावा. आम्हाला खूप फरक पडला.

मुग्धा_क
दुहेरीच आहेत. काचेवर हात ठेवला तर भोंग्याची थरथर जाणवते.

दुभाजक
रेल्वेला लिहून उपयोग नाही, त्यांचे हात बांधलेले आहेत. २००५ पासून फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा (एफआरए, इथली केंद्रीय रेल्वे सुरक्षा यंत्रणा) नियम आहे: फाटकाआधी १५ ते २० सेकंद भोंगा, दोन लांब, एक तोकडा, एक लांब. आवाज १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल. तो थांबवायचा तर 'क्वाएट झोन', म्हणजे एरवी भोंगा न वाजवायचा पट्टा, करावा लागतो, आणि तो फक्त शहर किंवा काउंटी करू शकते, रहिवासी नाही. तेव्हा सिटी कौन्सिलकडे जा. पट्टा किमान अर्ध्या मैलाचा लागतो. फक्त रात्री १० ते सकाळी ७ एवढाच झोनही करता येतो. फाटकं किती? दांडे आहेत का? रस्त्याला दुभाजक?

मायामीकर
असले सल्ले देऊ नका. फ्लोरिडात १९८४ मध्ये रात्रीचे भोंगे बंद करायची मुभा दिली आणि त्या फाटकांवर रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले. १९९१ मध्ये तातडीचा आदेश काढून भोंगे परत सुरू करावे लागले. झोप महत्त्वाची, पण जीव गेला तर?

दुभाजक
तुमची माहिती बरोबर आहे, आणि नियम त्याच अनुभवातून आला. तिथे सुरक्षेची दुसरी सोय न करता भोंगे बंद केले होते. आता आधी सोय करा, मग भोंगा थांबवा. आणि झोनमध्येसुद्धा रुळावर कोणी दिसलं तर ड्रायव्हर भोंगा वाजवतोच.

भुसावळची_लेक
आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. गाडी लेट झाली तर उलट जाग यायची. बाळाला सवय होईल गं, त्रास करून घेऊ नकोस.

मायामीकर
तरी माझं मत तेच. लोक दांडा पडलेला असताना वळसा घालून जातात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुभाजक
बरोबर, म्हणूनच दुभाजक हवा. दांडा आपल्याच बाजूची लेन अडवतो, घाईतला माणूस समोरच्या लेनमधून शिरतो. मध्ये दुभाजक असला की शिरता येत नाही. चारही बाजूंना दांडे लावता येतात, पण ते फार महाग.

मुग्धा_क
फाटकं चार, दीड मैलात. दांडे सगळीकडे आहेत. मध्ये नुसती पिवळी रेघ.

दुभाजक
मग आशा आहे. दुभाजक दांड्यापासून १०० फूट लागतो. मध्ये चौक असेल तर ६० फूट चालतो. त्या ६० फुटांत दुकानाची वाट नको, घराची चालते. मोजून या. आणि फाटकावरच्या निळ्या पाटीवरचा नंबर उतरवून आणा, सहा आकडे आणि एक अक्षर. त्यावरून त्या फाटकाच्या गाड्या, वाहनं, जुने अपघात सगळं सापडतं. कौन्सिलला हे कागद दाखवले तर ऐकतील.

आनंद_न्यूजर्सी
गाडीऐवजी फाटकावरच भोंगा बसवतात ना? आवाज रस्त्याच्या दिशेनेच जातो.

दुभाजक
हो, नियमात बसतं. पण फाटकाला लागून घर असेल तर त्याला ऐकू येणारच. मुग्धा, तुमचं किती लांब?

मुग्धा_क
शेवटच्या फाटकापासून तिसरं घर. आज स्ट्रोलर घेऊन टेप लावून आले. तीन ठिकाणी अडचण नाही. चौथ्याला कार वॉशची वाट दांड्यापासून ४२ फुटांवर आहे, आणि नेमकं तेच आमचं फाटक. ते सोडून बाकीच्यांचं करता येईल का?

दुभाजक
सोडू नका, नाहीतर तुमच्यापाशी भोंगा वाजतच राहील. आखूड दुभाजक चालतो, पण मग शहराला एफआरएची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. धोक्याचा हिशोब सगळ्या फाटकांचा मिळून सरासरीने होतो, त्यामुळे तीन ठिकाणी पूर्ण दुभाजक असले तर चौथ्याचं निभू शकतं. कार वॉशवाल्याला दुसऱ्या रस्त्याने वाट आहे का तेवढं बघून या.

मुग्धा_क
मागच्या गल्लीतून आहे वाटतं. उद्या बघते. कौन्सिलची बैठक मंगळवारी आहे, बोलायला नाव नोंदवलं आहे.