युगिओ (पत्त्यांचा खेळ): एमएसटीने मॉन्स्टर रीबॉर्न थांबतं का? आणि पेटेनच्या टायमिंगचा वाद

मांडवी_ड्युएलिस्ट
पावसामुळे मैदान बंद, त्यामुळे रोज संध्याकाळी पडवीत डाव रंगतात आणि वादही. तीन गोष्टी अडल्यात.
१) समोरच्याने मॉन्स्टर रीबॉर्न (मेलेला मॉन्स्टर परत आणणारं स्पेल कार्ड) लावलं. मी चेनमध्ये (त्यावर लगेच उत्तर म्हणून) मिस्टिकल स्पेस टायफून (एमएसटी) टाकून ते उडवलं. तरी त्याचा मॉन्स्टर परत येतो का?
२) पेटेन द डार्क क्लाउन हा मॉन्स्टर ट्रिब्यूट (बळी) देऊन लेव्हल ५ चा मॉन्स्टर आणला. पेटेन ग्रेव्हयार्डात (वापरलेल्या, मेलेल्या कार्डांच्या ढिगात) गेला, मग डेकमधला दुसरा पेटेन यायला हवा ना? माझं कार्ड जुन्या छपाईचं आहे, मित्राच्या कार्डावर वाक्यरचना वेगळी दिसते.
३) दमट हवेने दोन फॉइल (चकाकत्या थराची) कार्डं वाकलीत. समोरचा म्हणतो, गठ्ठ्यात ती ओळखू येतात. हा आक्षेप धरायचा का?

साखळी_क्रमांक_३
पहिल्याचं उत्तर: येतो.

सगळा घोळ ‘उडवलं’ या शब्दाने केलाय. खेळताना आपण डिस्ट्रॉय (नष्ट) केलं तरी उडवलं म्हणतो आणि निगेट (परिणाम रद्द) केलं तरी उडवलंच म्हणतो. कार्डावर मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एमएसटी एवढंच सांगतं की फील्डवरचं एक स्पेल किंवा ट्रॅप कार्ड टार्गेट करा (निवडा). ते डिस्ट्रॉय करा. निगेट कुठेही लिहिलेलं नाही. चेन शेवटच्या लिंकपासून (कडीपासून) उलटी सुटते: आधी एमएसटी (लिंक २) रीबॉर्नचं कार्ड ग्रेव्हयार्डात टाकतं, मग रीबॉर्न (लिंक १) आपलं काम करतं. नॉर्मल स्पेलला काम पूर्ण करायला फील्डवर टिकून राहावं लागत नाही.

आता हाच प्रसंग कॉल ऑफ द हाँटेडवर लावून बघ. काम तेच, ग्रेव्हयार्डातला मॉन्स्टर उठवायचा. पण हा कंटिन्युअस (फील्डवर राहून चालणारा) ट्रॅप आहे. कंटिन्युअस, इक्विप आणि फील्ड प्रकारच्या कार्डांना रिझॉल्व्ह होताना (परिणाम घडताना) फील्डवर उघडं असावंच लागतं. चेनमध्ये एमएसटी बसला की कॉल फुकट जातो, मॉन्स्टर येत नाही. म्हणून वाद घालण्याआधी कार्डावरची खूण बघायची: साधं स्पेल की कंटिन्युअस? निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

खरोखर निगेट करणारं कार्ड कसं लिहिलेलं असतं ते सॉलेम जजमेंटवर दिसतं: अर्धे लाइफ पॉइंट द्या; समन (मॉन्स्टर आणणं) किंवा ॲक्टिव्हेशन निगेट करा, ‘अँड इफ यू डू’ ते कार्ड डिस्ट्रॉय करा. याने रीबॉर्न थांबतं. आणि यातला अर्धविराम नीट बघ. त्याच्या आधीचा भाग ॲक्टिव्हेट करतानाच चुकता होतो. ८००० पैकी ४००० दिले आणि समोरच्याने दुसऱ्या काउंटर ट्रॅपने तुझं सॉलेमच निगेट केलं, तरी ते ४००० परत मिळत नाहीत.

देवगड_डेक
पेटेन येणार नाही. टायमिंग चुकलं.

त्याचं वाक्य ‘व्हेन’ने सुरू होतं आणि पुढे ‘यू कॅन’ आहे. हे दोन्ही एकत्र आले की अट अशी: ती घटना अगदी शेवटची घडलेली असली पाहिजे. ट्रिब्यूट समनमध्ये पेटेन आधी ग्रेव्हयार्डात जातो, मग नवा मॉन्स्टर फील्डवर येतो. शेवटची घटना समन झाली, पेटेनची संधी गेली. लढाईत मेला तर चालतो. समोरच्याच्या मिरर फोर्स ट्रॅपने मेला आणि मिरर फोर्स लिंक १ असेल तर चालतो. लिंक २ असेल तर त्यानंतर लिंक १ रिझॉल्व्ह होतं, म्हणून पुन्हा चुकला. कॉस्ट (एखाद्या कार्डाची किंमत) म्हणून ग्रेव्हयार्डात टाकला तरी तीच गत.

सांगन या मॉन्स्टरचं वाक्य ‘इफ’ने सुरू होतं. त्याला ट्रिब्यूट द्या, तरी त्याचा इफेक्ट लागतो. ‘इफ’ असेल तर टायमिंग चुकत नाही, आणि ‘व्हेन’ असूनही ‘यू कॅन’ नसेल, म्हणजे इफेक्ट सक्तीचा असेल, तरीही नाही. मराठीत बोलताना आपण दोन्हीला ‘ग्रेव्हयार्डात गेल्यावर’ म्हणतो आणि फरक बुजून जातो. पोरांना शिकवताना हे दोन शब्द इंग्रजीतच ठेवा, भाषांतर करू नका.

जुन्या छपाईबद्दल: कार्डांवरच्या विसर्गाची (:) आणि अर्धविरामाची (;) आजची शिस्त २०११ मध्ये आली. त्याआधीच्या कार्डांवर विरामचिन्हं बघून निकाल काढता येत नाही. खेळ काढणाऱ्या कोनामीच्या अधिकृत कार्ड डेटाबेसमध्ये कार्डाचं जे ताजं वाक्य आहे तेच धरायचं, हातातलं कार्ड कितीही जुनं असो. आपल्याकडे पावसात लाइट आणि नेटवर्क दोन्ही जातं, तेव्हा डेकमधल्या वादग्रस्त कार्डांचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

भरती_ओहोटी
तिसऱ्याचं: आक्षेप रास्त आहे. कागद ओल शोषून फुगतो, फॉइलचा थर फुगत नाही, म्हणून कार्ड कमानीसारखं वाकतं. गठ्ठा टेबलावर ठेवून बाजूने बघा. फट दिसली तर ते कार्ड खुणेचं झालं; तुमच्या मनात काही नसलं तरी. एक बरणी, सिलिका जेलच्या पुड्या, आणि वर वजन ठेवून चार दिवस. सगळ्या डेकला एकाच पाकिटातले स्लीव्ह (प्लास्टिकच्या खोळी), अर्धे नवे अर्धे जुने नकोत. तरीही वाकडंच राहिलं तर फॉइल नसलेली प्रत घाला.

आणि वाद झाला की हात थांबवा. कार्डं जागची हलवली की कुठलं कोणत्या लिंकला होतं ते कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक लिंकला कार्डावर एक नाणं ठेवा आणि आकडा मोठ्याने बोला. स्पर्धेत असाल तर पुढची चाल करण्याआधी जजला बोलवायचं.

मांडवी_ड्युएलिस्ट
कळलं. मग सॉलेम नसेल तर रीबॉर्न अडवायचं कसं?

साखळी_क्रमांक_३
रीबॉर्नला हात लावू नकोस, त्याचं टार्गेट काढ. हातातून डी. डी. क्रो हा मॉन्स्टर डिस्कार्ड करून (टाकून) चेन कर आणि रीबॉर्नने टार्गेट केलेला मॉन्स्टर बॅनिश कर (खेळाबाहेर काढ). रीबॉर्न रिझॉल्व्ह होताना उठवायला तिथे कोणी नसतो. फक्त एक: क्रो समोरच्याच्याच ग्रेव्हयार्डातलं कार्ड टार्गेट करतो आणि रीबॉर्न दोघांच्याही. त्याने तुझ्या ग्रेव्हयार्डातला मॉन्स्टर निवडला असेल तर क्रो उपयोगाचा नाही, तो हातातच ठेव.