ई-क्लासच्या दोन एकरांवर गावाचं फळरान करायचं आहे, कोणती झाडं लावू?

नाल्याकाठचा (यवतमाळ जिल्हा)
मंडळी, नमस्कार. गावाला लागून ई-क्लासची (सरकारी, चराईची) दोन एकर जागा आहे. अर्धी मुरमाड, नाल्याकडची काळी. लेकरांना, म्हाताऱ्यांना अन् पाखरांना खायला होईल असं रान तिथं करायचं, असं ग्रामसभेत ठरलं. याच जागी मागं लागवड झाली होती. फोटो निघाले, मे महिन्यात काड्या उरल्या. कोणती झाडं टिकतील?

वर्धेकर
भाऊ, झाडं मागून, आधी सातबारा. आमच्या नागपूर विभागात अशा कितीतरी जागा 'झुडपी जंगल' म्हणून नोंदल्या आहेत. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या वनजमीनच धरल्या. तुमची खरंच ई-क्लास असेल तरी ती चराईची आहे. ठरावाची नक्कल घेऊन तहसीलमध्ये विचारून घ्या, नाहीतर झाडं मोठी झाल्यावर भांडण उभं राहतं.

पऱ्हाटी
अन् शेळ्यावाल्यांना विचारलं का? आमच्याकडं नाही विचारलं. चार दिवसांत रोपं साफ! दुसऱ्या वर्षी त्यांनाच बोलावलं, अर्धा एकर गवताला सोडला, कापून न्यायची मुभा दिली. आता राखण तेच करतात. तारेचं कुंपण महाग पडतं, शिवाय रोही (नीलगाय) ते उडी मारून ओलांडतो. कडेनं सागरगोटा अन् करवंद लावा, ती वाढेपर्यंत पऱ्हाट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) अन् बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) रोवा.

टेंभुर्णीखाली
आता झाडांचं. मुरमाड भागात सीताफळ, बोर, आवळा, चार (चारोळीचं झाड), टेंभुर्णी. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळं सडतात, म्हणून तिथं उंचवटा करूनच लावा. नाल्याच्या काठावर जांभूळ, उंबर. उंबराला कमी लेखू नका, हळद्या-बुलबुलसारखी पाखरं त्याची फळं खातात अन् बाकीच्या बिया तेच पेरतात. चार अन् मोह रोपवाटिकेतून आणण्यापेक्षा बी जागेवरच टाका. सोटमूळ पिशवीत वळलं की झाड रडत वाढतं.

मोहाला फुलं यायला दहा वर्षं लागतील, तोवर गाव कंटाळेल. म्हणून मधे शेवगा, हादगा अन् तुरीच्या ओळी ठेवा. शेवग्याच्या शेंगा वर्षभरात दिसल्या की लोकांचा विश्वास बसतो.

नाल्याकाठचा
पाणी? विहीर लांब आहे.

पऱ्हाटी
पहिले दोन उन्हाळे तरी द्यावंच लागेल. रोपाशेजारी मातीचं जुनं मडकं गळ्यापर्यंत पुरा, आठवड्यातून एकदा भरा. वरून सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरा, पण बुंध्यापासून वीतभर दूर, नाहीतर उधई (वाळवी) लागते. उताराला आडवे चर खोदा. अन् होळीच्या आधी भोवतालचं गवत कापून जाळरेषा काढा.

वर्धेकर
फळ कोणाचं, हेही आत्ताच ठरवा. आमच्याकडं आंबे लागले अन् कैऱ्यांतच संपले, कारण 'मी नाही तोडलं तर तो तोडेल'. जमलं तर मेळघाटच्या पायथ्याचं पायविहीर पाहून या. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या लोकांनी रान राखलं, आता त्यातली सीताफळं विकतात.

नाल्याकाठचा
शेळ्यावाल्यांचं डोक्यातच नव्हतं, राजेहो. रविवारी पारावर बसतो त्यांच्यासोबत. मोहाचं बी कुठं मिळेल?

टेंभुर्णीखाली
जूनमध्ये माझ्या धुऱ्यावर (बांधावर) टोळ, म्हणजे मोहाच्या बिया, पडतात. पोतं घेऊन या, पण त्याच आठवड्यात पेरायचं. मोहाचं बी ठेवलं की उगवत नाही.