उत्तर: उत्तर: शनिवारचं अभिरूप न्यायालय – आरोपपत्र अजून छापखान्यात गेलेलं नाही

प्रेषक: वहिनी (न्यू जर्सी)

मंडळी, ट्रम्प यांच्यावरच्या अभिरूप खटल्याच्या आरोपपत्राचा मसुदा जोडलाय. एकच आरोप ठेवलाय: "६ जानेवारी २०२१ रोजी जमावाला चिथावणी देऊन अमेरिकी संसदेत दंगल घडवली." प्रेक्षकांना पटकन कळावं म्हणून. रविवार कारंजाजवळचा आपला छापखानावाला उद्या चारपर्यंत थांबतोय. अप्पा, नजर टाका, पण दिवाळी अंकासारखं आदल्या रात्री सगळं बदलू नका.

प्रेषक: अप्पा (नाशिक)

वहिनी, हे असं गेलं तर बचाव पक्ष मध्यंतराआधीच खटला गुंडाळेल. ट्रम्प यांच्यावर विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांनी १ ऑगस्ट २०२३ ला जे आरोपपत्र ठेवलं, त्यात चार आरोप होते: सरकारला फसवण्याचा कट, अधिकृत कामकाजात अडथळ्याचा कट, प्रत्यक्ष अडथळा, आणि नागरिकांच्या मतदानाच्या हक्काविरुद्ध कट. चिथावणी नाही. बंडाचं कलम २३८३ नाही. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने तर डिसेंबर २०२२ मध्ये त्याच कलमाची शिफारस केली होती, तरी स्मिथ यांनी ते घेतलं नाही.

अडचण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रँडनबर्ग निकालाची, १९६९ चा. बोलण्याचा रोखच बेकायदा कृत्याकडे हवा, ते कृत्य लगेचचं हवं आणि घडण्याची दाट शक्यता हवी. यातलं एक सुटलं तरी भाषणाला संरक्षण. आता ट्रम्प यांचं त्या दिवशीचं भाषण बघा. "जीव तोडून लढला नाहीत तर देश उरणार नाही" हे आहे, आणि "शांततेने, देशभक्तीने आवाज पोचवा" हेही आहे. त्यात कॅपिटॉलबाहेरचे, म्हणजे संसदेच्या इमारतीबाहेरचे, पहिले कठडे १२:५३ च्या सुमारास तुटले आणि भाषण संपलं एक वाजून गेल्यावर. बचावाचा वकील या दोन वेळा फळ्यावर लिहील आणि खाली बसेल.

प्रेषक: दादा (बॉस्टन)

अप्पा, इतकं एकतर्फी नाही. वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाचे न्या. मेहता यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये हेच भाषण वाचून म्हटलं की ही चिथावणी असू शकते, दावा पुढे चालू द्या. कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ४ विरुद्ध ३ ने ट्रम्प यांना निवडणुकीसाठी अपात्र ठरवताना भाषणाला संरक्षण नाकारलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मार्च २०२४ मध्ये फिरवला तो राज्यांना तसा अधिकार नाही म्हणून. भाषणाबद्दल काही ठरवलं नाही. आणि त्या दुपारचं २:२४ चं ट्रम्प यांचं ट्विट विसरू नका. जमाव इमारतीत शिरलेला असताना "पेन्सकडे (तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष) धैर्य नव्हतं" असं लिहिणं, हे भाषणापेक्षा जड आहे.

प्रेषक: अप्पा (नाशिक)

मेहतांसमोर दिवाणी दावा होता, तोही पहिल्या पायरीवर. फौजदारीत बाराच्या बारा ज्युरर एकमताने हवेत, वाजवी शंकेला जागा न ठेवता. २:२४ चं ट्विट ठेवा, पण हेतूचा पुरावा म्हणून.

प्रेषक: माई (गंगापूर रोड)

बारा ज्युरर मंचावर बसवणार का? विशाखा सभागृहात मग साक्षीदाराचा कठडा कुठे ठेवू? ज्युरी पहिल्या रांगेत, खुर्च्यांना नंबर चिकटवून. आणि हॉलवर परस्पर फोन करू नका, कुसुमाग्रज स्मारकाशी बोलणं माझ्याकडे आहे.

प्रेषक: बंटी (नाशिक रोड)

मग भारतीय कायद्याने चालवू या ना. भारतीय न्याय संहितेचं कलम १९२: दंगल व्हावी म्हणून चिथावणी, दंगल झाली तर एक वर्ष, नाही झाली तर सहा महिने. पोस्टरवर १९०९ पण टाकता येईल, नाशिकचं कनेक्शन.

प्रेषक: अप्पा (नाशिक)

बंटी, कलम बरोबर. गटागटांत वैर पसरवण्याचं १९६ लावलं असतंस तर सरकारची पूर्वमंजुरी लागली असती, १९२ ला ती लागत नाही. पण माजी राष्ट्राध्यक्षाला एका वर्षाच्या कलमाखाली उभं केलं तर प्रेक्षक हसतील. आणि १९०९ म्हणजे काय टाकणार? नाशिकचा कलेक्टर जॅक्सनचा खून विजयानंद थिएटरात झाला तो डिसेंबरात. बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी आधीच जन्मठेप झाली होती, कविता छापल्याबद्दल. शब्दांवरून माणूस काळ्या पाण्यावर धाडता येतो, हे या शहराने पाहिलंय. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या केदारनाथ निकालात हिंसेकडे किंवा सार्वजनिक अशांततेकडे झुकणारं बोलणंच राजद्रोह ठरेल अशी मर्यादा घातली. हे सूत्रधाराच्या निवेदनात घ्या, पोस्टरवर नको.

प्रेषक: काका (साओ पावलो)

तिकडच्या पुराव्यावर भांडताय, इकडचं बघा. ब्राझीलचे माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंना सप्टेंबर २०२५ मध्ये ४ विरुद्ध १ ने २७ वर्षं ३ महिने झाली. ८ जानेवारी २०२३ ला, इथली दंगल झाली तेव्हा, ते फ्लोरिडात होते, भाषणाचा प्रश्नच नव्हता. सत्तापालटाचा प्रयत्न हा स्वतंत्र गुन्हा आहे, २०२१ च्या कायद्यातला, आणि त्या कायद्यावर सही त्यांचीच.

प्रेषक: वहिनी (न्यू जर्सी)

काका, ब्राझील पुढच्या वर्षी. अप्पा, मग लिहू काय?

प्रेषक: दादा (बॉस्टन)

कटाचे आरोप घेणार असाल तर साक्षीदारांची यादी आधी छाटा. राष्ट्राध्यक्षाच्या अधिकृत कृतींना संरक्षण देणाऱ्या १ जुलै २०२४ च्या निकालानंतर न्याय खात्याच्या अधिकाऱ्यांशी झालेली बोलणी पूर्ण बाद; आरोप म्हणूनही नाही, पुरावा म्हणूनही नाही. पेन्स यांच्याशी झालेल्या बोलण्याला संरक्षण गृहीत धरलंय, ते खोडून काढणं सरकारी पक्षाच्या माथी. स्मिथ यांनी म्हणूनच २७ ऑगस्टला ४५ पानांचं आरोपपत्र ३६ वर आणलं. सभेचं भाषण मात्र उमेदवार म्हणून केलेलं, असं मांडता येतं. जॉर्जियाच्या निवडणूक अधिकाऱ्याला केलेला "११,७८० मतं शोधा" फोनही तसाच. तो जवळजवळ तासाभराचा आहे, फक्त ते वाक्य ऐकवा.

प्रेषक: अप्पा (नाशिक)

दादाचं यादीबाबत बरोबर. त्यात सर्वोच्च न्यायालयाचा फिशर निकाल, २८ जून २०२४: अडथळ्याचं कलम कागदपत्रं, पुरावे यांच्याशी जोडलं तरच टिकतं. तेव्हा तो आरोप दंगलीला नाही, सात राज्यांच्या बनावट इलेक्टर-प्रमाणपत्रांना (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या) बांधा. वहिनी, असं छापा:

"आरोप पहिला: निवडणुकीचा निकाल उलटवण्यासाठी सरकारला फसवण्याचा कट. आरोप दुसरा: बनावट प्रमाणपत्रांद्वारे मतमोजणीत अडथळा. पर्यायी आरोप: चिथावणी."

पर्यायी आरोपावर दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं, ब्रँडनबर्गवरच. दादाने सरकारी बाजू घ्यावी, एवढा विश्वास आहे तर. आणि सुनावणीची तारीख ऑक्टोबर २०२४ धरा. २५ नोव्हेंबर २०२४ ला खटला मागे घेतला गेला. आता ट्रम्प माजी नाहीत आणि पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर न्याय खातं खटला चालवत नाही. ही तारीख घातली नाही तर पहिल्याच मिनिटाला हरकत येईल.

प्रेषक: माई (गंगापूर रोड)

ज्युरी बाजूला बसून खलबत करणार असेल तर मागची खोली लागेल. तिची किल्ली वेगळी मागावी लागते. आजच सांगा.

प्रेषक: वहिनी (न्यू जर्सी)

खोली हवीच, माई. मजकूर छापखान्यात पाठवला, ऑक्टोबर २०२४ टाकून. दादा, तुझी दहा मिनिटं नक्की ना?